वणव्यातला हवेचा डबा

मित्रांनो, मी काळ्या प्लास्टिकचा एक जुना डबा आहे. माझा एक कोपरा वितळून वाकडा झाला आहे. तो कसा झाला, एवढेच तुम्हाला सांगायचे आहे.

कारखान्यातल्या साच्यातून निघालो आणि एका डिझेल पिकअपच्या बॉनेटखाली जाऊन बसलो. माझ्या पोटात घड्याघड्यांचा कागदी फिल्टर आहे, तोंडाशी बारीक तारेची जाळी. इंजिन माझ्यातूनच श्वास घेई. धूळ फिल्टर अडवायचा, ठिणगी जाळी अडवायची. टेक्सासच्या उत्तरेकडच्या माळावर क्लेल हारग्रोव्ह गुरे पाळतो. त्याच्याकडे मी हे काम वर्षानुवर्षे मुकाट केले. त्याची बायको लोर्ना अधूनमधून झाकण उघडून फिल्टर झटकायची आणि म्हणायची, "किती माती खाल्लीस रे!" तेवढेच माझे कौतुक.

आमच्याकडे हिवाळा सरताना गवत वाळते, वारा सुटतो आणि वणवे लागतात. बंब लांबून येईपर्यंत सगळे संपते. म्हणून ज्याच्याकडे पिकअप आहे तो मागे पाण्याची टाकी आणि पंप चढवून धावतो. एकाने गाडी चालवायची, दुसऱ्याने मागे नळी धरून उभे राहायचे. गाडी न्यायची ती जळून काळ्या पडलेल्या जमिनीवरून, कारण तिथे जळायला काही उरलेले नसते.

एका वणव्यात भरल्या टाकीनिशी चढ चढताना आमची गाडी मागे पडली. शेजारच्या ऑर्व्हिल डॅगेटच्या गाभण गाई कुंपणाला अडकून जळाल्या. ऑर्व्हिलने कोणाला दोष दिला नाही. दोष दिला तो लोर्नाच्या धाकट्या भावाने, आमच्या गाडीवर नळी धरणाऱ्या टोबिनने.

"दाजी, तुमची गाडी चढावर दमेकरी म्हातारीसारखी धापा टाकते. हा डबा काढा. उघडा फिल्टर बसवू, इंजिनाला भरपूर हवा मिळेल, मग बघा!"

"आणि ठिणग्या रे?" लोर्नाने विचारले.

"ताई, आम्ही वणवा विझवायला जातो, गिळायला नाही."

क्लेल हसला नाही. त्याच्या डोळ्यांपुढे त्या गाई होत्या. त्याला फक्त वेळेवर पोचायचे होते.

मला काढले. माझ्या जागी तेल लावलेल्या लाल कापडाचा शंकू आला, चहूबाजूंनी उघडा, बिनजाळीचा. गाडी डरकाळ्या फोडू लागली. टोबिन मला कचऱ्यात टाकणार, तोच लोर्नाने हिसकावून सीटमागे कोंबले. "असू दे. खायला मागत नाही तो."

पुढच्या वणव्याला गाडीने तो चढ एका दमात घेतला. आम्ही सगळ्यांच्या आधी पोचलो.

"दाजी, पुढून घाला!" टोबिन मागून ओरडला. "आगीच्या तोंडालाच अडवू!"

"जळक्या जमिनीवरच राहू या."

"अहो, पलीकडे ऑर्व्हिलच्या उरलेल्या गाई आहेत!"

क्लेलने गाडी वळवली आणि वाळक्या, उभ्या गवतात घातली. तेवढ्यात वारा फिरला. पेटलेल्या काड्या अंगावर आल्या आणि उघड्या शंकूने त्या आत ओढल्या. सीटमागून मला काही दिसत नव्हते. पण इंजिनाचा श्वास मी ओळखतो. ते खोकले, घुसमटले, थांबले.

"टोबिन, आत ये!"

टोबिन आला नाही. पंपाचे इंजिन वेगळे, तो चालूच होता. त्याने नळी स्वतःवर धरली नाही, केबिनवर धरली. टपावर पाणी आदळत राहिले.

"काच वर करा, दाजी!"

मग नुसता आगीचा आवाज. ती आली तशी पुढे गेली. पाणी मात्र थांबले होते. तेव्हाच माझा कोपरा वितळला.

ऑर्व्हिलच्या गाई वाचल्या. वारा फिरल्यावर आग त्यांच्याकडे गेलीच नाही.

टोबिनला पुरल्यावर गाडी दुरुस्त करायला ऑर्व्हिल स्वतः आला. क्लेलचे भाजलेले हात अजून मिटत नव्हते, तरी मला त्यानेच बसवले. आम्ही आता चढावर मागे पडतो आणि कोणी हसत नाही.

मित्रांनो, एखादी वस्तू काढून टाकण्याआधी ती कशासाठी आहे, एवढे विचारत जा. विचारणारे कोणी असेल, तर त्याला हसून गप्प करू नका.

लोर्ना अजूनही माझे झाकण उघडते, फिल्टर झटकते, जाळीवरून बोट फिरवते. मी किती माती खाल्ली, ते मात्र ती आता विचारत नाही.