उजेड कुणाच्या तोंडावर

नणंद-भावजयीचं म्हणे विळ्या-भोपळ्याचं सख्य असतं. म्हणणाऱ्यांनी एकदा या घरात डोकावायला हवं होतं. इथे वहिनीचं मूल नणंदेच्या पोटात वाढत होतं!

झालं होतं असं, की एका आजारपणात वहिनीची गर्भपिशवी काढावी लागली. डॉक्टर म्हणाले, मूल दादाचं आणि वहिनीचंच होईल, आम्ही ते बाहेर रुजवून देऊ, पण त्याला वाढायला जागा नाही. तेव्हा दादाची धाकटी बहीण, जिला लहानपणापासून सगळे ढबी म्हणत, एक दिवस येऊन म्हणाली, "माझी जागा रिकामीच आहे, वापरा." जणू सायकल ठेवायला अंगण देतेय! स्वतःची लेक, नवरा, नोकरी, सगळं सांभाळून बाईसाहेब आता आठव्या महिन्यात होत्या.

आणि वहिनी? उपकाराच्या ओझ्याने ती पार वाकली होती. "ढबे, तुझे उपकार..." एवढं तोंडातून निघायचा अवकाश, ढबी म्हणायची, "उपकार राहू दे, पाय चेप." वहिनी मुकाट्याने पाय चेपायची. पण पाय चेपून काय फिटतंय? म्हणून तिने हा फोटोचा घाट घातला. पोटासकट ढबीचा झकास फोटो काढायचा, मोठा करून बाहेरच्या खोलीत लावायचा आणि मूल मोठं झालं की सांगायचं, ही बघ तुझी आत्या, हिने तुला पोटात वाढवलं.

फोटोवाली आली ती चप्पल काढायच्या आधीच हुकूम सोडत. "सोफा सरकवा. पडदे ओढा. अहो, दादा, तुम्ही मधे लुडबुडू नका, बाहेर फिरून या." दादा बिचारा गेला. तिने भिंतीवर काळं कापड टांगलं, ढबीला उंच स्टुलावर आणि वहिनीला खाली तिच्या गुडघ्यांशी बसवलं, बाजूला स्टँडवर दिवा चढवला आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"आता सांगा, उजेड कुणाच्या तोंडावर पाडायचा?"

"हिच्या!" दोघी एकदम म्हणाल्या, एकमेकींकडे बोट दाखवून.

"तरी म्हटलं! परवा वहिनींचा फोन, उजेड ढबीच्या तोंडावर. काल ढबीबाईंचा फोन, माझं तोंड अंधारात ठेवा, उजेड वहिनीच्या तोंडावर. मला वाटलं, माझंच डोकं फिरलंय."

वहिनीने ढबीकडे डोळे वटारून बघितलं. ढबीने छताकडे बघितलं.

"दोन दिवे लावा की," वहिनी म्हणाली.

"लावते. मग पोट दिसेल ताटासारखं सपाट. अहो, एका अंगाला उजेड, दुसऱ्या अंगाला सावली, तेव्हा कुठे गोलाई उठते. दिवा वर घेतला तर हिचं तोंड उजळतं आणि पोटाची सावली तुमच्यावर पडते. खाली घेऊन वरून पुठ्ठा आडवा धरला तर तुमचं तोंड उजळतं, हिचं अंधारात जातं. ठरवा, मी तोवर पाणी पिते."

"ढबे, नाटकं पुरे. फोटो तुझा आहे."

"माझ्या तोंडावर काय आहे बघण्यासारखं? पावासारखं फुगलंय."

"फुगू दे!" वहिनीचा आवाज चढला. "तुझं पोट घेतलं आणि तोंड तेवढं झाकून टाकलं, असं करू मी? एवढी कृतघ्न वाटले का गं तुला?"

ढबीने मान खाली घातली. तो होकार समजून फोटोवालीने दिवा वर चढवला आणि एक फोटो काढून कॅमेऱ्यावर दोघींना दाखवला. ढबी मान खाली घालून, पोटावर हात ठेवून बसलेली, सगळा उजेड तिच्या तोंडावर.

"अगं बाई, किती सुंदर!" वहिनी म्हणाली.

ढबीने कॅमेरा बाजूला सारला. "आई दिसतेय मी त्यात."

"म्हणजे?"

"वहिनी, रोज स्वतःला बजावते, हे यांचं आहे, मी फक्त सांभाळतेय. सारखी थट्टा करते ना, म्हणून जमतं. हा फोटो तुझ्या भिंतीवर लागला आणि मी येता-जाता बघितला, तर मला हे मूल देता यायचं नाही गं. देऊन झाल्यावरही देता यायचं नाही."

 इतके महिने आभार मानायला धडपडणारी वहिनी, आणि तिने समोरचीला काय हवंय हे एकदाही विचारलं नव्हतं! स्वतःचं ओझं हलकं व्हावं म्हणून ती ते ढबीच्याच डोक्यावर ठेवायला निघाली होती.

"पुसून टाका तो," ती फोटोवालीला म्हणाली. "दिवा खाली घ्या."

दिवा खाली आला. पुठ्ठा आडवा लागला. पोट उजळलं, वहिनीचं तोंड उजळलं आणि ढबी गळ्यापासून वर अंधारात गेली.

"वहिनी, पोटाकडे बघा," फोटोवाली म्हणाली.

वहिनीने मान वर केली.

"अहो, पोटाकडे!"

वहिनीने ऐकलं नाही. अंधारात ढबी रडत होती, तोंड वेडंवाकडं करून, आपल्याला कुणी बघत नाही अशा भरवशाने. कॅमेऱ्याला ते दिसत नव्हतं. एवढ्या जवळून वहिनीला मात्र सगळं दिसत होतं.

"रड," ती हळूच म्हणाली. "मी आहे ना."

फोटोवालीने फोटो काढला, कॅमेऱ्यावर बघितला आणि पहिल्यांदाच आवाज खाली आणून म्हणाली, "असंच राहू दे. झालं."

तरी वहिनी वरच बघत राहिली.