पाण्यानं मोजलेला हात

१९७६ साली मी कोल्हापुरातल्या एका इस्पितळात नर्स होते. राधानगरीकडची शालूबाई आमच्याकडे मालिशला यायची. कॅन्सरमुळं तिचा डावा स्तन काढला होता आणि त्यानंतर तो हात सुजून जड झाला होता. दीड महिना ती नणंदेकडं राहत होती. घरच्या तीन म्हशी नवऱ्याच्या गळ्यात.

डॉक्टर म्हणाले होते, "शनिवारी माप उतरलं नाही, तर मालीश थांबवू. मग धारा काढणं कायमचं बंद."

पहिल्या दिवशी आम्ही तिचा हात दोन तऱ्हांनी मोजला होता. एक टेपनं. दुसरी तऱ्हा म्हणजे दुधाचा कॅन पाण्यानं काठोकाठ भरायचा, दंडावरच्या देवीच्या लशीच्या व्रणापर्यंत हात बुडवायचा आणि परातीत सांडलेलं पाणी मापानं मोजायचं. पण फरशी भिजते म्हणून झाडूवाली चिडली आणि पुढं टेपच राहिली.

शनिवारी मी टेप लावली. आठ इंच. दर आठवड्याला आठच.

तिचा नवरा कृष्णात न्यायला आला होता. "चल आता. ऱ्हाऊन काय झालं?"

"हात हलका लागतोय की मला," शालूबाई म्हणाली. "पदर खोचताना कळतं."

तिचा चेहरा बघून मी डॉक्टरांना म्हटलं, "एकदा पाण्यानं बघू या?"

त्यांनी घड्याळाकडं बघत मान डोलावली. कृष्णातनं परात धरली, पाणी मोजलं. दोन लिटर तीनशे. पहिल्या दिवशी दोन लिटर सहाशे होतं.

"पाणी बाहेर गेलं असेल," डॉक्टर म्हणाले.

"बाहीर कसं जाईल? वीस वर्सं डेरीला दूध घालतोय म्या."

पुन्हा केलं. तेवढंच.

"मग टेप लावा परत. माझ्यासमोर," डॉक्टर म्हणाले.

मी नेहमीसारख्या तिच्या हिरव्या बांगड्या अडतील तिथवर वर सारल्या आणि त्यांच्या वर टेप धरली. सुजेमुळं त्या निघत नव्हत्या, आणि फोडू म्हटलं तर पहिल्याच दिवशी ती म्हणाली होती, "मालक जित्तं हाईत माझं." म्हणून मीच ही युक्ती काढली होती.

टेप माझ्या हातातच राहिली. हात उतरत होता तशा बांगड्या दर आठवड्याला आणखी वर जात होत्या, आणि हात पहिल्याइतका जाड लागेल तिथंच अडत होत्या. सहा आठवडे मी हात नव्हे, बांगडी मोजत होते.

मी तसं सांगितलं. डॉक्टर रागावतील असं वाटलं. पण त्यांनी पेन काढलं आणि कोपरापासून चार बोटं खाली शाईची रेघ मारली.

"यापुढं इथं मोजायचं. आणि महिन्यातनं एकदा पाण्यानं."

"म्हंजे न्यायची न्हाय व्हय?" कृष्णातनं विचारलं.

"आणखी दीड महिना. हात असाच उतरत गेला तर धारांचं बघू."

शालूबाई हात पुसत नवऱ्याला म्हणाली, "तवर चंद्री म्हशीला दमानं हात लावा. तुमचा राकट हात तिला आवडत न्हाय. लाथ घालंल."

"घातलीया की दोनदा," तो म्हणाला आणि परात उपडी करायला बाहेर गेला.