पेरूखालचा स्टोव्ह

खट्!

दुपारच्या गपगार शांततेत घराच्या मागच्या दाराची कडी आतून लागली. परसातल्या लाकडी खोलीत गोपिकेच्या हातातली विणकामाची सुई थांबली. मांजर दुधावर येतं म्हणून कडी रोजच लागायची. तरी रोज तिला वाटायचं, आपणच बाहेर राहिलो.

खोली सासऱ्यांच्या हौसेची. लाकूड डेपोतून रिटायर झाल्यावर वामनरावांनी पेरूखाली सागाच्या बल्ल्या एकीवर एक रचून ती उभी केली, तेव्हा सक्करदऱ्यातले लोक बघायला यायचे. वामनराव वारले, आणि तिथं पोती साठली. मग वैशाखात धाकट्या दिराचं, नत्थूचं लग्न झालं. घरात खोल्या दोनच. "दिवाळीपावेतो तू अन् पोरगी तिथं झोपत जा," सासूबाई म्हणाल्या. जेवण मात्र घरातच, एका चुलीवर. दिवाळी होऊन महिना झाला. नवरा चंद्रभान बल्लारशाला नोकरीवर; त्याला सुटीच मिळाली नाही.

कौशी खोकत उठली. "आई, गरम पानी."

गोपिका घराच्या मागच्या दारापाशी गेली. बोटाच्या पेरानं दोनदा वाजवलं, अगदी हळू. आत नवी सून निजली असेल. तिसऱ्यांदा हात उचलला आणि खाली घेतला.

खाटेखाली सासऱ्यांचा चहाचा स्टोव्ह होता. लाकडाच्या खोलीत जाळ नाही, हा त्यांचा नियम. म्हणून तिनं तो पेरूखाली मांडला, पंप मारला. पाणी उकळलं. खाऊच्या डब्यात मूठभर तांदूळ होते, त्यांची पेज टाकली. कौशी फुंकर घालून प्यायली, नाकाचा शेंडा लाल करून हसली. किती दिवसांनी दोघींनीच बसून काही खाल्लं होतं! गोपिकेला बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याचीच भीती वाटली.

कडी निघाली. दारात सासूबाई रुखमाबाई उभ्या होत्या.

"वा वं बाई! बंगला होताच, आता सैपाकघरही झालं?"

"नाही आत्याबाई, पोरीले खोकला आला..."

"दार वाजवाचं होतं."

"वाजवलं मी."

"मले तं आयकू नाही आलं." त्या स्टोव्हकडे बघत राहिल्या. मग आत गेल्या.

दिवे लागायच्या वेळी जाऊ आली, जयवंता. हातात सूप. त्यात तांदूळ, तुरीची डाळ, आणि वर मिठाची पुडी.

"ताई, मले काही म्हनू नका. त्यायनं देल्लं."

गोपिकेनं सूप हातात घेतलं. सासूनं दिलेलं दोन्ही हातांनी घ्यायचं, एवढंच तिच्या अंगवळणी पडलेलं. घेतल्यावर मिठाची पुडी दिसली. माहेरी काकू वेगळी निघाली तेव्हा आजीनं असंच सूप दिलं होतं, असंच वर मीठ ठेवून. ते मीठ परत देत नाहीत.

"जयवंता, थांब वं! त्याहिले सांग, मी वेगळी नाही..."

पण जयवंता आत गेली होती. खट्!

गोपिका सूप धरून पेरूखाली उभी राहिली. चंद्रभानला काय लिहायचं? की तुमच्या मागं मी एका पेजेपायी तुमचं घर दोन केलं?

कौशीनं सुपातला तांदळाचा दाणा उचलून दाताखाली धरला. बंद दाराकडे पाहिलं, मग खोलीकडे.

"आई, बाबा आले म्हंजे कोन्त्या दारातून येतील?"