तिसरी हाक

पठारावर आकाश छपराइतकं खाली आलं आहे.

माझी धाकटी बहीण सगुणा कपडे उलटे करून वाळत घालते.

तोफेच्या नळीत चिमणीनं काड्या आणून टाकल्या होत्या. आम्ही त्या काढल्या.

अनोळखी वस्तूला तीन हाका मारायच्या. तिसरी संपेपर्यंत उत्तर आलं नाही तर गोळा.

मी हवालदार आहे. हाका मारण्याचं काम माझं. आकाशात दिसणाऱ्या वस्तूंची चौकशी करायला आमची तुकडी इथं आली. पहिली वस्तू घंगाळाएवढी होती. तिनं उत्तर दिलं नाही. गोळा लागला, पण खाली काही पडलं नाही. आकाश तेवढं हातभर उतरलं. पुढच्या वस्तूनंतर तंबूचे खांब कापावे लागले. आता सगळे वाकून चालतात. सुभेदार शितोळे उंच आहेत, म्हणून ते खुर्चीतून उठतच नाहीत. आकाश कितीही खाली आलं तरी वस्तू मात्र दूरच राहतात.

आज सकाळी दुर्बिणीत, आकाशात तरंगणारं सगुणाचं घर दिसलं. ती अंगणात दोरीवर लुगडं टाकत होती.

"साहेब, ते माझ्या बहिणीचं घर आहे."

"ओळख वस्तूनं द्यायची असते, हवालदार. आपण नाही."

"ती देईल. पण तिसऱ्या हाकेनंतर."

"का?"

"पहिल्या दोन हाकांना आमच्यात ओ देत नाहीत. भूत तिसऱ्यांदा हाक मारत नाही म्हणून."

शितोळ्यांनी मान हलवली. "आमच्यातही तसंच."

"मग तिसरीनंतर जरा थांबू या."

"थांबायचा हुकूम नाही. तुमचा आवाज संपला की जगदाळे तोफेची दोरी ओढणार."

जगदाळे तोफेशी उकिडवा बसला होता. तो म्हणाला, "मेव्हण्यांना आधी निरोप धाडायचा ना, हवालदार. तोफ घेऊन कोणी माहेरपणाला बोलावतं का?"

कोणी हसलं नाही. तोही नाही.

मी पहिली हाक मारली. "कोण आहे?"

सगुणाचा हात दोरीवर थांबला. तिनं एक बोट मिटलं.

मी दुसरी हाक मारली. तिनं माझा आवाज ओळखला, हे तिच्या मानेवरून कळलं. तिनं ओठ घट्ट मिटले आणि दुसरं बोट मिटलं.

तिसरी हाक मी मारली नाही. तसं आकाश आणखी उतरलं. मी गुडघ्यांवर आलो. तंबूचं कापड जमिनीला टेकलं. शितोळे खुर्चीवरून घसरून खाली बसले. त्यांची टोपी आकाशाला घासत होती.

"मारा हाक."

"मारली तर ती जाईल, साहेब."

"तुम्ही नाही मारली तर मी मारीन. माझा आवाज तिच्या ओळखीचा नाही. ती ओ देणारच नाही."

मी पालथा झालो. पाठीला आकाश लागलं. ते गार होतं आणि खरखरीत. शेजारी जगदाळेची दोरी ताणलेली दिसत होती. शितोळ्यांनी छातीत हवा भरून घेतल्याचा आवाज आला. दुर्बीण अजून माझ्या डोळ्याला होती. तिच्यात सगुणा अंगणाच्या कडेला येऊन उभी होती, तिसरं बोट अर्धवट वाकवून.

सगुणा बोलायला फार उशिरा शिकली. पण त्याच्याही आधी एका दुपारी, कोणीही हाक मारली नसताना, तिनं पाळण्यातून ओ दिली.