भट्टीची खंडेनवमी

विमलाबाईंनी भट्टीच्या काळ्या काचेला डोळा लावला आणि श्वास रोखून धरला. आत स्फटिक अख्खा होता. नारळाएवढा, तळाशी अजून लालसर, आणि कुठेही तडा नाही.

"बाई, ते आलेत," मागून मदतनीस नाथा म्हणाला.

ते म्हणजे प्रशासन अधिकारी काळुराम गोडांबे. वर्तकनगरपलीकडे डोंगराच्या पायथ्याशी असलेलं हे राष्ट्रीय स्फटिक केंद्र बंद करून दक्षिणेतल्या एका मोठ्या संस्थेत मिसळायचं, असं दिल्लीत ठरलं होतं. तारीख महिनाअखेरची होती, म्हणून तर बाईंनी हा शेवटचा स्फटिक भट्टीत लावला होता. आणि आज सकाळी टेलेक्स आला, वीज संध्याकाळीच बंद करा.

"उद्या संध्याकाळपर्यंत थांबता नाही का येणार?" बाईंनी विचारलं. "आत्ता वीज गेली तर तो एकदम गार पडेल आणि फुटेल."

"मॅडम, माझ्या हातात असतं तर थांबलो असतो. पाच वाजता मेन स्विच पाडून सील करायचंय." गोडांब्यांना वर बघवेना. "चहा घेऊन येतो तोवर," म्हणून ते निघून गेले.

त्र्याऐंशी साली पत्र्याच्या दोन शेडमध्ये केंद्र उघडलं, तेव्हा मंत्र्यांनी फीत कापून सांगितलं होतं की आता आपल्याला कुणाच्या तोंडाकडे बघावं लागणार नाही. लेसरला लागणारे मोठे स्फटिक तेव्हा बाहेरचे देश द्यायला तयार नव्हते. ते इथे वाढवायचे होते, आणि वाढायचेही. गार होताना मात्र तडकायचे. कधी वीज जायची, कधी पाण्याचा पंप बसायचा. पुढे बाजार खुला झाला, तेच स्फटिक परदेशातून स्वस्तात यायला लागले आणि दिल्लीला या शेडचा विसर पडला. बाईंनी मात्र आपली ऐन उमेदीची वर्षं या भट्टीपुढे घालवली होती. एक अख्खा स्फटिक, एवढंच त्यांचं मागणं होतं. तेही पदरी पडणार नसेल तर इतकी वर्षं आपण काय केलं, हे त्यांना स्वतःलाच सांगता आलं नसतं.

बाहेर वर्कशॉपमध्ये खंडेनवमीची पूजा सकाळीच झाली होती. पाने, पकडी, लेथ, सगळं हळदकुंकू लावून झेंडूत बसलं होतं. कुंकवाने यंत्रं चालली असती तर मी इतकं शिकले कशाला, असं दरवर्षी चिडवून बाई लांब उभ्या राहत. प्रसाद मात्र मागून घेत. भट्टीची पूजा कधीच झाली नव्हती, ती सदा तापलेली.

बाई उंबऱ्यात थांबल्या.

"नाथा, पूजेतला पाना आज लागला तर?"

"हात लावाचा नाय, बाई. दसऱ्याला पूजा हलवली का मंग घ्याचा. मागं पंप बसलेला, तवा मी बाजूच्या कारखान्यातना पाना मागून आनलेला. इसरलात?"

बाईंनी भिंतीवरच्या मेन स्विचकडे पाहिलं. लोखंडी पेटी, तिला लांब दांडा.

"कुंकू उरलंय?"

नाथा त्यांच्याकडे बघतच राहिला. मग त्याने ताट आणलं.

"मी लावू?"

"नको. मीच लावते."

त्यांचं बोट कुंकवाकडे गेलं.

"आधी हळद, बाई," नाथा हळूच म्हणाला.

पाच वाजता गोडांबे लाख आणि सुतळी घेऊन आले. दांड्याला झेंडूची माळ होती, खाली नारळ, उदबत्ती. त्यांनी नाथाकडे पाहिलं, मग बाईंच्या लाल बोटाकडे.

"हे कधी बसवलंत?"

"मघाशी." खोटं बोलणं बाईंना जमत नसे.

"आणि दिल्लीला मी काय सांगू?"

"खरं तेच सांगा."

 गोडांब्यांनी बूट काढले, हात जोडले आणि लाख खिशात टाकली.

"वडील सुतारकाम करायचे आमचे. आजच्या दिवशी पटाशीला हात लावला म्हणून मार खाल्लाय मी," ते म्हणाले. "उद्या संध्याकाळी येतो."

दसऱ्याच्या संध्याकाळी भट्टी उघडली. नाथाने मऊ फडक्यात धरून स्फटिक बाहेर काढला आणि खिडकीपाशी नेला. उजेड आरपार गेला. नाथाला रडू आवरेना. बाईंना इतका आनंद झाला की त्या स्टुलावर बसल्या. कुणाला तरी फोन करावासा वाटला, पण ऐकून हरखेल असं दिल्लीत आता कुणीच उरलं नव्हतं.

गोडांबे आपट्याची पानं घेऊन आले. सोनं देऊन झालं. मग तिघं स्विचपुढे उभे राहिले.

"मी पाडू, मॅडम?"

"थांबा. पूजा अशीच कशी मोडायची?" बाई म्हणाल्या. "नाथा, काय करतात?"

"अक्षता वाहाच्या. आनि जागेवरना जरासं हलवाचं. झालं."

बाईंनी अक्षता वाहिल्या. मग माळेसकट दांडा मुठीत धरला आणि खाली ओढला.

पंपाची घरघर थांबली. नाथाने हात जोडले. बाईंची मूठ अजून दांड्यावरच होती.