एकोणीस जातींची एकच गोगलगाय

सरांनी चाळीस वर्षांत गोड्या पाण्यातल्या गोगलगायींच्या एकोणीस नव्या जाती शोधल्या. गोगलगाय म्हणजे मुगाच्या दाण्याएवढी. शंखाची शेंडी जरा उंच दिसली की नवी जात, तोंड जरा रुंद दिसलं की आणखी एक. प्राणिशास्त्र विभागातल्या टाक्यांचं पाणी बदलणं आणि बाटल्या पुसणं हे माझं काम, त्यामुळे या सगळ्या बारशांना मी हजर होतो.

नव्या जातीला नाव द्यायचा मान शोधणाऱ्याचा. सरांनी तो वाया घालवला नाही. पहिली जात विभागप्रमुखांच्या नावाची, कारण सरांची नोकरी तेव्हा कच्ची होती. पुढच्या काही सूक्ष्मदर्शक मंजूर करणाऱ्या साहेबांच्या, काही परीक्षकांच्या, एक तर घरमालकाच्याही नावाची. दुसरी मात्र वहिनींच्या, म्हणजे सरांच्या बायकोच्या नावाची. त्याच वर्षी त्यांचं लग्न झालं होतं आणि दागिना करायची ऐपत नव्हती. 'ही जात टेकडीखालच्या एका झऱ्यातच आढळते, अन्यत्र नाही,' असं त्या लेखात छापलं होतं. वहिनी ते वाक्य आल्यागेल्याला पाठ म्हणून दाखवत. जावांकडे बांगड्या होत्या, पण झरा कुणाकडे नव्हता.

पुढे सरांच्या मुलाचं लग्न झालं. सून आली तीही गोगलगायींचीच डॉक्टर, आणि आमच्याच विभागात लागली. सर हरखून गेले. वर्षभर गेलं आणि हरखणं संपलं. सुनेला शंखाच्या शेंडीशी देणंघेणं नव्हतं. ती आतल्या जिवाची जनुकं यंत्रात घालून ताडून बघे. शिवाय तिने एकाच आईची पिल्लं दोन टाक्यांत ठेवली, एकीत वाहतं पाणी, दुसरीत साचलेलं. टाक्या मीच सांभाळल्या. चार महिन्यांत साचलेल्या पाण्यातली उंच शेंडीची झाली आणि वाहत्यातली बुटकी, रुंद तोंडाची. सरांना काही न सांगता तिने दोन्ही पुढे ठेवल्या. सरांनी भिंग लावलं आणि एक अकरावी जात आणि एक दुसरी, म्हणजे वहिनींची, असा निकाल दिला. मी तोंड फिरवून एक स्वच्छ बाटली पुन्हा पुसायला घेतली.

एकोणीसच्या एकोणीस जाती एकच निघाल्या. अशा वेळी नियम असा की सगळ्यांत आधी प्रसिद्ध झालेलं नाव राहतं आणि बाकीची त्याच्याखाली बारीक टाइपात जातात. म्हणजे प्रमुखांचं नाव राहणार आणि वहिनींचं जाणार. हे तेच प्रमुख, ज्यांनी सरांची लग्नाची रजा दोन दिवसांवर आणली होती आणि नंतर घरी येऊन नव्या नवरीच्या चहाला पाणचट म्हटलं होतं.

सरांनी सुनेला सुचवून पाहिलं की तिचा लेख आपल्या निवृत्तीनंतर आला तर बरं. ती नाही म्हणाली. मुलाने दोघांचं म्हणणं पटतं असं सांगितलं आणि तो भाजी आणायला निघून गेला. शेवटी सरांचे नमुन्यांचे डबे पोचवायला मी घरी गेलो होतो, त्या दिवशी वहिनींनीच विषय काढला.

"म्हणजे तू मला काढून टाकणार."

"तुम्हाला नाही, आई. नाव फक्त खाली जाईल."

"कुणाच्या खाली?"

सुनेने प्रमुखांचं नाव सांगितलं.

"सासूला खाली बसवायची हौस मी समजू शकते," वहिनी म्हणाल्या. "पण त्याच्याखाली?"

दोन दिवस सून ग्रंथालयात तारखा तपासत बसली. नियमात मुखपृष्ठावरचं साल धरत नाहीत, अंक खरोखर बाहेर पडला तो दिवस धरतात. प्रमुखांच्या गोगलगायीचा अंक सालापेक्षा फार उशिरा आल्याची नोंद होती. तिने मला कारण विचारलं. मला ते चांगलं आठवत होतं. आपल्या नावाची गोगलगाय इतकी बारीक कशी, म्हणून प्रमुखांनी चित्र दोनदा परत पाठवलं होतं. छापखान्यात खेपा मीच घातल्या. तिसऱ्या खेपेला गोगलगाय लिंबाएवढी झाली, तेव्हा कुठे छपाईला परवानगी मिळाली. तोवर वहिनींचा लेख दुसऱ्या मासिकात येऊन सव्वा वर्ष झालं होतं.

म्हणजे वहिनी वर आणि प्रमुख खाली. सरांनी कधी नव्हे ते सुनेला स्वतः चहा करून दिला. पण सून पडली प्रामाणिक. तिने आपल्या लेखाचं दुसरं पानही वाचून दाखवलं. ही जात गटारं, डबकी, पाटाच्या कडा, टाक्यांची बुडं अशी सगळीकडे आढळते. मेंढ्यांच्या यकृतात शिरणारे चपटे कृमी हिच्याच अंगात वाढतात.



सुनेने तोडगाही सांगितला. गुरांच्या डॉक्टरांच्या पुस्तकांत प्रमुखांचंच नाव रूढ आहे, त्यामुळे तेच ठेवावं असा नावं ठरवणाऱ्या समितीकडे अर्ज करता येतो. तुम्ही म्हणाल तर करते.

"झऱ्यातली गेली का आता?"

"झऱ्यातही आहे, आई. पण बाकी सगळीकडेही आहे."

वहिनींनी पदराने चष्मा पुसला. घालून पुन्हा पुसला.

"अर्ज करू नकोस," त्या म्हणाल्या. "गटारात राहीन. त्या माणसाखाली नाही राहायची."

लेख आला. महिन्याभरात मोठ्या जाऊबाईंचा फोन आला की आमच्या टाकीत तू भरपूर झाली आहेस, काय करू. मेंढपाळांसाठी पत्रक निघालं, त्यात वहिनींच्या नावाचा समूळ नायनाट करण्याचे सहा उपाय होते. सरांनी ते लपवलं, सुनेने काढून दिलं. वहिनींनी सहाही उपाय वाचले आणि चौथा काही कामाचा वाटत नाही, असं मत दिलं.

मग एक दिवस त्या मला म्हणाल्या, "भाऊजी, मला एकदा जिवंत दाखवा. चाळीस वर्षांत कुणी दाखवली नाही."

मी त्यांना बाजारामागच्या चरावर नेलं. ओल्या विटेवर दहा-बारा होत्या. वहिनी गुडघ्यावर हात ठेवून वाकल्या.

"एवढीशीच?"

"ही मोठी आहे, वहिनी."

ती मोठी विटेच्या कडेकडे निघाली होती. आम्ही उभे राहिलो. बराच वेळ लागला. ती कडेवरून पलीकडे उतरली, तेव्हा वहिनी कंबर धरत सरळ झाल्या.

"चला," त्या म्हणाल्या, "सून जेवायची थांबली असेल."