पानांची आंघोळ

माझ्या नवऱ्याने आजारी पडण्याआधी अंगणात लाल पानांचं एक शोभेचं झाड लावलं. ना फळ, ना धड सावली, नुसता दिमाख. लावणाऱ्याचाही स्वभाव तोच. तो गेला आणि झाड सासूबाईंचं झालं. रोज संध्याकाळी बादली भरून त्या एकेक पान धुवायच्या, ओल्या फडक्याने पुसायच्या. "धूळ सोसत नाही त्याला," म्हणायच्या.

पानांवर काळे ठिपके आले तेव्हा मी नर्सरीवाल्याला बोलावलं. त्याने ठिपक्यांच्या फांद्या कापल्या, प्रत्येक वेळी कात्री स्पिरिटने पुसली, खाली पडलेली पानं वेचून पिशवीत बांधली.

"बुरशी आहे. औषध फवारतो, पण पानं रात्रभर ओली राहिली तर काही उपयोग नाही. पाणी सकाळी घाला, तेही मुळाशी. एवढं पाळलंत तर जगेल."

मी सासूबाईंना सांगितलं. त्यांनी मान डोलावली, आणि मी कामावरून परतले तर हातात फडकं! पुन्हा समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी माझा तोल गेला.

"आई, बुरशी नाही, तुम्ही मारताय त्याला!"

त्यांचा हात पानावरच थांबला. "त्यालाही मीच मारलं ना गं? डॉक्टर नको म्हणत होते, मीच हट्टाने घरी आणला. म्हटलं, माझ्या हातचं खाऊन बरा होईल."

वर्षभर हेच वाक्य माझ्या ओठांवर होतं. ते गिळत आले याचा मला अभिमानही होता. आता त्या स्वतःच बोलल्या, आणि माझ्याने "नाही" म्हणवलं नाही. त्या फडकं दोरीवर टाकून आत गेल्या.

मग त्यांनी झाडाकडे पाहणंच सोडलं. जेवण अर्ध्यावर टाकायच्या, संध्याकाळी भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. झाडाला मात्र पालवी फुटली. लालचुटूक, एकही ठिपका नाही. नर्सरीवाला खूश झाला. "वाचलं बघा," म्हणाला.

त्या संध्याकाळी मी बादली भरली, फडकं पिळलं आणि त्यांच्या खाटेपाशी गेले.

"नर्सरीवाला म्हणतो, रोपच मुळात रोगट होतं. तुमचा काही दोष नाही," मी धडधडीत खोटं बोलले. "उठा, धूळ बसलीय त्याच्यावर."

त्यांनी माझ्या हातातलं फडकं घेतलं. मग उठल्या.

त्या कोवळी पानं धूत होत्या आणि मी बादली धरून उभी होते. त्याने लावलेलं ते एकच झाड होतं.